चर

दर मंगळवारी सात वाजता मी वाचनालयाचं मागलं दार उघडते,
हीटर लावते, नऊ खुर्च्या मांडते,
कौन्सिलच्या फॉर्मवर लिहिते:
सर्जनशील लेखन. भाषा: तीन.
माझ्या वाट्याला त्यातली एकच आली,
इंग्रजी, शाळेतून धुऊन, इस्त्री करून मिळालेली.

विषय दिला होता घराजवळचं पाणी.
बाकीच्यांनी समुद्र लिहिला. आमच्या या चिंचोळ्या द्वीपकल्पावर
दोन्ही खिडक्यांत समुद्रच, आणखी काय लिहिणार?
बर्टी मॅकब्रॅटनीनं लिहिला शेताकडेचा चर,
दोन हात रुंद,
ज्यात त्याच्या वडलांची सायकल गेली ती गेलीच.

शख्, म्हणाला तो.
घशाच्या तळातून, माशाचा काटा खाकरून काढावा तसा.
"स्कॉटलंड आणि आमच्यामधला समुद्र, तोही शख्च.
पणजोबांचे पणजोबा उडी मारून आले,
पाय तेवढे भिजले.
मास्तरीणबाई पट्टी घेऊन म्हणायच्या, डिच म्हण.
म्हटलं डिच.
तेव्हापासून कागदावर डिच
आणि बुटाला शख्."

मग वाचू लागला.
गायी, फाटक, गुडघाभर क्लॅबर,
तेवढ्यात ब्रोना मकार्टननं मान वर केली.
बेलफास्टहून बस बदलून येते ती,
चार वर्षं रात्रीच्या वर्गात आयरिश गिरवते आहे,
तिच्या आजीनं डोनेगलहून येताना
वाटेत कुठंतरी टाकून दिलेली.
"क्लॅबर? तो आमचा. क्लाबर. म्हणजे चिखल."

हीटर टिकटिकला.
कुणीतरी बिस्किटांचा डबा पुढं केला, कुणी घेतलं नाही.
"चिखल," बर्टी म्हणाला,
"माझ्या बुटाला आहे."

मला वाटलं, गेला हा, आता यायचा नाही.
पुढच्या मंगळवारी साडेसहालाच दारात उभा,
पशुखाद्याच्या बिलामागे एकतीस शब्द,
पेन्सिलीनं, एकाखाली एक.
"यातले तुमचे कुठले, खूण कर."
तिनं सातांवर केली.
त्यानं दोन खोडरबरानं पुसल्या.
हेकट माणूस. त्याच्या बोलीत थ्रान म्हणतात,
तोंडावर म्हटलं तर खूश होतो.

तळाशी लिहिलं होतं, ॲना.
"हा शब्द नव्हे. शेताचं नाव आहे, रस्त्याकडच्या."
ब्रोनानं कागद जवळ ओढला.
"अनक," म्हणाली, मग "अनह," मग चिडली स्वतःवर.
तिचा ख अजून घशातून उतरत नाही.
"अनख?" बर्टीनं विचारलं,
त्याच घशातून, त्याच काट्यावरून.
"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.
म्हणाला. तिनं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.
"पाणथळ," ती म्हणाली. "दलदल. असा अर्थ आहे."

त्याच्या आजोबांनी त्या शेताखाली मातीच्या नळ्या पुरल्या होत्या.
बापानं प्लॅस्टिकच्या.
त्यानं स्वतः परवाच्या उन्हाळ्यात यंत्र आणलं भाड्यानं,
अजून त्याचे हप्ते चालू आहेत.
फेब्रुवारी आला की पाणी उभं राहतं ते राहतंच,
सीगल येऊन बसतात, पाहुण्यांसारखे.
"आणि हे नाव फाटकावर रंगवलंय,"
बर्टी म्हणाला,
"मीच रंगवलंय, दोनदा."

त्यानंतर खूप वेळ तो काही बोलला नाही.
ब्रोनानं न विचारता त्याच्या चहात साखर घातली.
त्याला मधुमेह आहे. प्यायला.

शेवटच्या मंगळवारी त्याची कविता एका ओळीची.
उभा राहिला, टोपी काढली, चष्मा शोधला, वाचली:
माझ्या वावराला त्याचं नाव पाठ होतं, मला नव्हतं.
आणि बसला.

रात्री खुर्च्या रचून फॉर्म भरायला घेतला.
भाषेच्या रकान्यापाशी थांबले.
कुठल्या भाषेत वाचली होती त्यानं?
मला समजली होती,
एवढंच आठवलं.